स्क्रीनमधली मामी

पुलगाव, १२ मार्च २००९

चिरंजीव कैलास यास मामाचे पोटभर आशीर्वाद.

तिकडे अमरावतीत तू खुशाल असशीलच. आळशी माणसाला सहसा काही होत नाही. (तुझ्या मागच्या पत्रावर दिवाळीची तारीख होती आणि ते मला संक्रांतीला मिळालं. पोस्टाच्या नावानं बोटं मोडणार होतो, मग शिक्का पाहिला आणि गप्प बसलो.) माझं म्हणशील तर गुडघे सोडून सगळं जागेवर आहे. मामी गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो, त्यामुळे पोटही जागेवर आलं. खरं सांगतो, घरात फार शांत झालंय आणि मला ते अजिबात सोसत नाही.

आता मुद्द्याचं. तू आणून बसवलेल्या कॉम्प्युटरचा मामीने कधी कशाला उपयोग केला नाही. रोज त्यावरची धूळ मात्र पुसायची. तू बसवून परत गेल्यावर शेजारच्या लहानूच्या मुलीने, छायाने, त्याच्यावरच्या कॅमेऱ्यातून तिचा एक फोटो काढला आणि असा लावून ठेवला की बटण दाबलं की मामी समोर हजर, तीही हसत! तुला तर ठाऊक आहे, कॅमेरा दिसला की तिचा चेहरा कसा व्हायचा. निवडणुकीच्या ओळखपत्रावर ती उमेदवाराला झोडपायला निघाल्यासारखी दिसते. पण ती आजारी असतानाच स्क्रीन अंधारली, आणि तेरवीला तोच ओळखपत्राचा फोटो मोठा करून त्याला हार घालावा लागला. आल्यागेल्याने नमस्कार केला, पण जरा लांबूनच.

तेरवीच्या आदल्या दुपारी लहानू आला. (तो विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो, म्हणून आमच्या गल्लीत विजेचं म्हणून जे काही असेल ते त्याच्याकडे.) त्याने खिडकीला चादर लावली, कॉम्प्युटर सुरू केला आणि काळ्या स्क्रीनवर तिरपी बॅटरी मारली. कैलास, ती होती रे! आधी एक कान दिसला, मग कुडी, मग दात. बॅटरी नेऊ तिकडे तेवढीच मामी. लहानू म्हणाला, "रूपरावभाऊ, वहिनी अंदरच हाये. नुसता लाइट गेला." मी चादर ओढून घेतली आणि तिच्यातच तोंड पुसलं. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं की मामी स्क्रीनच्या आत आहे आणि तिला उजेडात आणायचं काम माझं.

पुढे महिनोन् महिने माझ्या हातून काही झालं नाही. (आळस तुझ्याकडे कुठून आला हे विचारू नकोस.) पण वर्षश्राद्ध जवळ आलं, तसा उठलो. या वेळी हसरा फोटो लावायचा म्हणून आधी फ्रेमच करवून घेतली, काचेसकट. मग स्क्रीन मामीच्या वाकळीत गुंडाळून एसटीने वर्ध्याला निघालो. पूर्ण वाट मांडीवर. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "कोन्या देवाचा फोटो हाये जी?" मी म्हटलं, घरचाच आहे. तिने वाकळीला हात लावून नमस्कार केला आणि उतरेपर्यंत माझ्यासाठी अंग चोरून बसली.

वर्ध्याला प्रेमदास म्हणून टीव्ही दुरुस्त करणारा आहे. त्याने स्क्रीन खोलून दाखवली. आत उदबत्तीच्या काडीएवढ्या दोन नळ्या असतात, त्यांचा उजेड मागून चित्रावर पडतो. आमच्या दोन्ही नळ्यांची टोकं काळी पडली होती. "चित्र हाये काका, उजेड मेला," तो म्हणाला. पहिली नवी नळी बसवताना त्याच्या बोटात मोडली. दुसरी त्याने कुठल्याशा मेलेल्या स्क्रीनमधून काढली, ती लांबीला बोटभर जास्त निघाली. तिसऱ्या खेपेला जमलं. त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरच्या डब्याला वायर जोडली, आणि काय सांगू, लख्ख उजेड! उजेडात एक हिरवी टेकडी.

मी म्हटलं, आमची बाई कुठे गेली? प्रेमदासने आधी मला पाहिलं, मग टेकडीला. "काका, फोटो डब्यात राह्यते. स्क्रीन तं खिडकी हाये. तुमचा डबा कोठी हाये?" त्याने पंखा माझ्याकडे वळवला आणि चहा सांगितला.

घरी आणून स्क्रीन होती तिथेच ठेवली आहे. बटण दाबलं की वायर तपासा म्हणून इंग्रजीत सांगते आणि पुन्हा काळी होते. लहानू बॅटरी घेऊन आला होता. मीच नको म्हटलं.

बाकी ठीक. जेवण वेळेवर करत जा.

तुझा मामा,
रूपराव

ता. क. वर्षश्राद्ध चार एप्रिलला आहे. रजेचा अर्ज आत्ताच टाक.

ता. क. दुसरा. तेरवीच्या दिवशी तू विचारलं होतंस, "मामा, स्क्रीन तं गेली, डबा आमच्या कॉम्प्युटर क्लासले नेऊ का? काही कामाचं तं नाई ना त्याच्यात?" आणि मी ऐटीत सांगितलं होतं, "नेजो. रिकामा डबा हाये." तुझी काहीच चूक नाही. तो डबा परत आण.

ता. क. तिसरा. तू तो सुरू केला असतास तर मामी दिसलीच असती, आणि दिसली असती तर त्याच मिनिटाला तू फोन केला असतास, एवढं मला कळतं. म्हणजे एक तर तू न बघताच त्यातलं सगळं पुसलंस, नाहीतर अजून हातच लावला नाहीस. तुझ्या आळसाला मी जन्मभर शिव्या घातल्या. आज देवापुढे बसून तोच मागतो आहे. डबा कोपऱ्यात पडला असेल तर तसाच राहू दे, धूळसुद्धा पुसू नकोस. आणि आतलं पुसून झालं असेल, तर मला कळवू नकोस. ओळखपत्राचाच फोटो लावतो. तिला तो आवडत नव्हता, पण आता भांडायला ती कुठे आहे?