गाडी डावीकडे ओढते

४ मार्च, मंगळवार
राष्ट्रीय सुरक्षा दिन. कंपनीत सगळ्यांना शपथ मीच दिली. तारापूर एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात अकरा वर्षं सेफ्टी सुपरवायझर आहे आणि माझ्या शिफ्टला कुणाचं बोटही कापलेलं नाही. एका फिटरचं कापलं होतं, पण जेवणाच्या सुट्टीत, कैरी चिरताना. ते धरत नाहीत.

नवी गाडी घेऊन आज आठवडा झाला. संकल्प: घरची गाडीही कारखान्याच्या शिस्तीत चालवायची. आग विझवायचा दोन किलोचा सिलिंडर आणून ड्रायव्हर सीटखाली कोंबला. जात नव्हता, लाथ मारून घातला. असा कारमालक अख्ख्या बोईसरमध्ये दुसरा नसेल.

६ मार्च, सकाळी ७.१०
डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागलाय. विझत नाही. नऊ दिवसांच्या गाडीत हा प्रकार. गाडीच्या कंपनीला मेल टाकला. विषय: जिवाशी खेळ. नऊ मुद्दे, तीन परिशिष्टं.

९ मार्च, रविवार
मुरबेला फिरायला गेलो. निघण्याआधी पार्किंगमध्ये बायकोला, अर्चनाला, आणि लेकीला, स्वराला, समोर उभं करून दहा मिनिटं सुरक्षेवर बोललो. स्वरा नऊ वर्षांची, पण तिने असेंब्ली पॉइंट, म्हणजे संकटात जमायची जागा, कुठे असं विचारलं. पोरगी माझ्यावर गेलीय. नंतर मॉक ड्रिल. गाडी रिकामी व्हायला चाळीस सेकंद लागले, कारण अर्चनाची ओढणी दारात अडकली. नोंद केली.

मुरबेच्या अलीकडे गाडी आपोआप डावीकडे ओढायला लागली. दोनदा सावरली. तिसऱ्यांदा थेट बोंबील वाळत घातलेल्या बांबूंत. ब्रेक दाबला तर खाली जाईचना. वेग ताशी बारा. आणि एअरबॅग? एकही उघडली नाही.

बोंबील जिचे होते ती कमळीबाई बाहेर आली. तिला मी स्टिअरिंगमधला दोष समजावून सांगितला. ती म्हणाली, दादा, रस्ता तिकडं हाय. अडाणी नाही, पण तांत्रिक बाजू तिच्या लक्षात आली नाही.

घरी आल्यावर अर्चनाने जाहीर केलं: गाडी नीट होईपर्यंत ती आणि स्वरा गाडीत बसणार नाहीत. इथे खरी अडचण. तीस तारखेला, पाडव्याला, वाणगावला तिच्या भावाचा साखरपुडा. लग्नाला बारा वर्षं झाली, सासरच्या प्रत्येक कार्याला मी रिक्षातून उतरलोय. या वेळी स्वतःच्या गाडीतून उतरायचंय, बाजूच्या सीटवर अर्चना, मागे स्वरा. एकवीस दिवस आहेत. भरपूर झाले.

१२ मार्च, दुपारी
गाडीच्या कंपनीतून मेघाली नावाच्या मॅडमचा फोन. त्यांनी विचारलं, सर, टक्कर कशाशी झाली? म्हटलं, बोंबलांशी. त्यांनी तो शब्द पुन्हा विचारून लिहून घेतला. प्रकरणाचं गांभीर्य पोचलं असावं. मग म्हणाल्या, एअरबॅग उघडायला धडक जोरात बसावी लागते. मी विचारलं, म्हणजे मी जोरात धडकायला हवं होतं का? ते रेकॉर्डवर घ्यायला सांगितलं.

१६ मार्च
अर्चनाचं एक निरीक्षण: गाडी डावीकडे जाते ती मी तिच्याकडे वळून बोलतो तेव्हाच. योगायोगाला कारण समजायची चूक माणसं नेहमी करतात. यावर कारखान्यात माझं स्वतंत्र व्याख्यान आहे. तिला पूर्ण ऐकवलं.

१७ मार्च
स्टिअरिंगला ‘दुरुस्ती चालू, हात लावू नये’ अशी लाल पाटी लावली. कंपनीतलीच आहे. मग कामावर सायकलने गेलो.

२० मार्च
‘बोईसर कार सुरक्षा मंच’ हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. चौदा सभासद. संध्याकाळपर्यंत तीन. उरले ते निष्ठावंत: मी, मेहुणा सुजित (साखरपुडा त्याचाच), आणि एक नंबर कुणाचा ते कळत नाही.

२६ मार्च, बुधवार
विजयाचा दिवस. गाडी सर्व्हिसिंगला नेली. नवशा नावाचा मेकॅनिक सीटखाली हात घालून बराच वेळ खुडबुडत होता. त्याने सिलिंडर ओढून बाहेर काढला. म्हणाला, साहेब, ही टाकी एअरबॅगच्या वायरीवर बसलेली, जोडच सुटला व्हता. नि गडगडत जाऊन ब्रेकखाली अडकते. कुणी ठेवली ही?

म्हटलं, ते महत्त्वाचं नाही.

डावीकडे ओढण्याचं काय, हे खडसावून विचारलं. त्याने मला बाजूला बसवून चिल्हार रोडला चक्कर मारली. रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडलं. गाडी सुतासारखी सरळ. काय पण दोष नाय, म्हणाला. तसं लेखी घेतलं, शिक्क्यासकट. वीस दिवसांच्या पाठपुराव्याला अखेर यश.

२९ मार्च, संध्याकाळ
कागद अर्चनासमोर ठेवला. ‘वाहन निर्दोष.’ तिने दोनदा वाचला आणि मटकन खाली बसली. मला वाटलं आनंदाने.

म्हणाली, अहो, आतापर्यंत मी आईला सांगत होते की गाडीत फॉल्ट आहे म्हणून आम्ही बसत नाही. आता काय सांगू?

तो कागद मी परिशिष्ट चार म्हणून फाईलला लावला. वाईट वाटलं.  जेवताना स्वराने तिच्या ताटातली श्रीखंडाची वाटी माझ्याकडे सरकवली.

३० मार्च, पाडवा, रात्री ९
त्या दोघी रिक्षाने गेल्या. मी मागून गाडीने, एकटा. बाजूच्या सीटवर आहेराची पिशवी होती, तिला बेल्ट लावला होता.

वाणगावला सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, जावई वेगळे का आले? मी तोंड उघडायच्या आत अर्चना म्हणाली, रिक्षाच्या मागे राहून लक्ष ठेवत होते, सेफ्टीचं खातं ना त्यांचं. सासूबाई म्हणाल्या, माझ्या लेकीला किती जपतात. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ पीत राहिलो.

परत निघताना सुजितने हात पुढे केला. मी किल्ली दिली. नवरदेव अंगठी घालून गाडी चालवायला बसला, अर्चना पुढे, मी आणि स्वरा मागे. अर्चना भावाशी हसत बोलत होती. गाडीत तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

बोईसर कधी आलं कळलं नाही. मला झोप लागली होती.