चारुता, अनीशची बहीण

चँडलर, फेब्रुवारी २००६

सुशांत भाऊजी,

माझ्या अनीशच्या चार्टर शाळेत, म्हणजे इथल्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या बिनफीच्या शाळेत, भावंडांना आधी प्रवेश देतात, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या काढतात. ताई गेल्यापासून तुमची चारुता माझ्याकडेच आहे, म्हणून मी सरळ ती अनीशची बहीण असं सांगितलं.

"आई एकच ना?" ऑफिसातल्या बाईंनी विचारलं.

"मावसबहीण. पण आमच्यात ती बहीणच."

अनीश चिडला, "शी इज माय सिस्टर, ओके?"

बाई म्हणाल्या, दत्तकाचे कागद आणा. त्याला तुमची सही लागते, मुलीवरचा हक्क सोडल्याची.

गाडीत चारुताने विचारलं, "मावशी, बाबा सही नाही करणार ना?"

"नाही गं, वेडे."

चिठ्ठीत तिचं नाव निघालं तर निघालं. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. नव्या संसारातून तुम्ही लगेच सही करून पाठवाल, याची भीती वाटते.

ताईची धाकटी,
कांचन