आहुप्याची ती साडेतीनशे पावलं

प्रिय ऋषी,

'प्रिय' आधी खोडलं, मग कागद बदलला आणि पुन्हा तेच लिहिलं. दुसरं काही सुचलं नाही. तुझी आई, कुशाबाई काकू, उद्या सकाळी तुझ्याकडे पुण्याला निघणार आहेत. त्यांच्या पिशवीत हे पत्र देतो आहे. मोबाईलवर पाठवलेलं तू वाचतोस ते मला कळतं, उत्तर येत नाही तेही कळतं. काकू समोर बसलेल्या असताना तरी तुला हे शेवटपर्यंत वाचावं लागेल.

आळेफाट्यावरचं गॅरेज ठीक चाललं आहे. तू लावलेला जुन्नर-आंबेगावचा नकाशा अजून भिंतीवर आहे, ग्रीसच्या बोटांनी काळा झालाय. तो बघितला की पाहुण्यांना मोटरसायकलवरून घाटात फिरवायचा आपला धंदा आठवतो, आणि त्यासाठी वाट दाखवणारं यंत्र घेण्याआधी आपण घालवलेले ते चार महिने. तू म्हणायचास, "राव, मोबाईल हाय की, वेगळं यंत्र कशाला?" म्हणून एप्रिलच्या दुपारी तुझाच मोबाईल हँडलला बांधून मी जुन्नरहून घाटघरला निघालो. आपटाळ्याच्या पुढे तो तापून बंद पडला. जुलैत पुन्हा गेलो, तर काचेवर थेंब पडले की नकाशा आपोआप सरकायचा आणि हातमोज्याच्या बोटाने हलायचा नाही. शेवटी आपण ते बटणांचं बोजड जीपीएस घेतलं. मार्ग आखायची चार सॉफ्टवेअर बघितली, प्रत्येकाला मी एकच परीक्षा लावली होती: आहुप्याहून कोकणात उतरायचं म्हटलं की ते काय सांगतं. तिघांनी घाटातली पायवाट गाडीचा रस्ता म्हणून दाखवली. चौथ्याने सरळ डिंभ्याकडे माघारी फिरवलं, ते आपण घेतलं. तू हसलास, "तू तर पोरगी बघायला आल्यावानी बघतोस." पण तुलाही पटलं होतं. तेव्हाच ठरलं की शंका आली तर गाडीवरून उतरायचं, चालून बघायचं, आणि चालून पाहिल्याशिवाय कुठलीच वाट पाहुण्यांच्या यंत्रात टाकायची नाही. सॉफ्टवेअरवरचं खातं तुझ्या नावावर काढलं, कारण इंग्रजी तुला जमायचं आणि मी नववीतून बाहेर पडलेला. वळणावळणाच्या नोंदी मात्र मी लिहायच्या.

आहुप्याला सारजाबाईंकडे आपल्या पाहुण्यांचं जेवण असायचं. त्यांच्या घरामागून एक वाट झाडीत जाते आणि पलीकडे पुन्हा रस्त्याला लागते. ती चालून बघायला मी निघालो, तर म्हातारी आडवी आली. "देवाचं रान हाय ते. चपला हितं काढ. आन् गाडी कवाच न्यायची न्हाई, शबूद दे." मी शब्द दिला. मग ती स्वतःच माझ्याबरोबर आली. "वाळकं पान बी आमी हितलं चुलीला नेत न्हाई," असं चालता चालता सांगत होती. आमच्या घरात बाबासाहेब आणि बुद्ध, रानातला देव काही माझा नाही. पण शब्द माझा होता. साडेतीनशे पावलं मी मोजत गेलो, आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं की खिशातलं यंत्र चालूच राहिलं होतं. त्याने माझ्या अनवाणी चालण्याची रेघ आपल्या मार्गात ओढली होती. ती चूक माझी. मी लगेच तुला सांगितलं की तेवढा तुकडा पुसून टाक. पुसला जाईपर्यंत कुणी फसू नये म्हणून नकाशावर त्याच्या तोंडाशी खूण करून लिहिलं: 'देवराई. गाडी बंद करा. इथून पुढे रस्ता नाही.' तू म्हणालास, पुसलं. मी बघितलं नाही. एकेक नट दोनदा आवळणारा मी, तिथे मात्र पुन्हा तपासलं नाही.

गेल्या महिन्यात एक रायडर चेन ताणून घ्यायला गॅरेजवर आला. त्याच्या यंत्रावर तुझ्या पुण्याच्या बाईक क्लबचा मार्ग होता. मी सहज उघडला. 'इथे सकाळी शेळ्या बसतात, हॉर्न वाजवू नका.' माझं वाक्य. 'ओढ्यावर शेवाळ, पुढचा ब्रेक लावू नका.' तेही माझंच. खाली नाव तुझं होतं. तरी क्षणभर आनंद झाला मला, हे लिहायला लाज वाटते. मग सारजाबाईंच्या घरामागची खूण उघडली. तिथे लिहिलं होतं: 'सिक्रेट जंगल ट्रॅक. धमाल!' ऋषी, तुकडा पुसायचा राहिला असता तर मी काही बोललो नसतो. माणूस विसरतो. पण माझं वाक्य काढून तिथे दुसरं लिहायला आधी ते वाचावं लागतं. तू वाचलंस. फोन केला तेव्हा एकदाच उचललास आणि म्हणालास, "अरे राव, झाडंच हायेत ना. लोकांना ऑफरोड लागतं आता."

मी आहुप्याला जाऊन आलो. रानात चाकांच्या चऱ्या पडल्यात. कुणीतरी तीन दगड मांडून तिथल्याच वाळक्या काटक्यांवर चहा केला होता. सारजाबाई ती राख पदरात भरून झाडांच्या बुंध्याशी टाकत होत्या. "हितलं हितंच ऱ्हायला पायजे," म्हणाल्या. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हात झटकून एवढंच म्हणाल्या, "मंग यंत्राला सांग ना लेकरा, ही वाट न्हाई म्हून. तुझं ऐकंल ते." ते माझं ऐकत नाही, तुझं ऐकतं, हे मला त्यांना सांगता आलं नाही. निघताना त्या जेवून जा म्हणाल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

येत्या रविवारी तुझ्या क्लबच्या चाळीस गाड्या आहुप्याला येणार, असं मी वाचलं. मार्ग तोच. सॉफ्टवेअरवाल्यांना लिहिलं, तर उत्तर आलं की मार्ग ज्याच्या खात्यावर, त्यालाच तो बदलता येतो. म्हणून हे पत्र. शनिवारपर्यंत ती साडेतीनशे पावलं पुसून टाक. बाकीची माझी सगळी वाक्यं ठेव, तुझ्या नावाने ठेव, मी मागणार नाही. पुसलं नाहीस तर रविवारी सकाळी सारजाबाई आणि मी त्या वाटेच्या तोंडाशी उभे असू. मी चपला काढून उभा असेन. सगळ्यांत पुढे तुझीच गाडी असणार, कारण तुला दुसऱ्याच्या मागे चालवता येत नाही. तुझ्या यंत्रावर तिथे रस्ता दिसेल. मी दिसणार नाही. म्हणून तेवढ्या वळणावर एकदा मान वर करून बघ.

अजून तरी तुझाच,
रत्नदीप