आधी कान दाखवा

सोमवार, येळ्ळूर. दिवेलागणीची वेळ.

आज सातवीच्या वर्गात सुजाता टेबलाजवळ येऊन हळू आवाजात काहीतरी बोलली. मला वाटलं, गृहपाठ झाला म्हणून सांगतेय. मी हसून म्हणालो, "छान! बस जा." ती तशीच उभी. शेवटी तिची मैत्रीण मोठ्यानं म्हणाली, "सर, तिची आई लई आजारी हाय. बेळगावला दवाखान्यात नेलंय. घरला जाऊ काय म्हणून इचारायलीय ती."

आणि मी छान म्हणालो. तेही हसून!

लगेच तिच्या काकांना फोन करून तिला घरी पाठवलं. पण तिचा तो चेहरा...

आयुष्य सुधारायचं म्हणून यंदा काय काय केलं मी? पहाटे फिरायला लागलो, चहातली साखर सोडली, बढतीसाठी कन्नडची परीक्षा दिली. बायको तेव्हाच म्हणाली होती, "बाकीचं ऱ्हाऊ दे, आधी कान दाखवा." मला लाज वाटली. या वयात कानात यंत्र? पोरं हसतील. हसली असती, बिघडलं काय असतं? त्या पोरीला छान तरी म्हणालो नसतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हणालो, "उद्याच बेळगावात कान दाखवतो. तोवर मला ऐकू आलं नाही तर परत सांगत जा गं."

ती जवळ आली आणि कानाशी वाकून म्हणाली, "परत काय सांगू? तुमास्नी कायबी सांगायचं मी कवाच सोडलंय. तुमच्या ध्यानातबी आलं न्हाय."