मोकळ्या कपाळाचा शिपाई

पुणे, ता. ८ फेब्रुवारी १९४६

तीर्थरूप अव्वाला महांतप्पाचं लांबून शरणार्थ, पायांवर डोकं.

मी इथं मजेत आहे. खाणावळीत भाकरी मिळते, फक्त पातळ असते. तुझा गुडघा कसा आहे? हे वाचून दाखवणाऱ्या मास्तरांना चहा दे.

अव्वा, मला एक नाद लागलाय, हसू नको. लढाई संपली, तशी भिंतींवरची भरतीची चित्रं लोक ओरबाडून चुलीत घालतायत. मी ती पाण्यानं भिजवून अलगद सोडवतो आणि गादीखाली ठेवतो. सतरा झाली.

माझ्या पाठचा नागप्पा पलटणीत निघाला, तेव्हा येडशीच्या ठेसनावर असलंच एक चित्र होतं, आठवतं? टोपी मागं सारून हसणारा शिपाई. "कुणाचं लेकरू हाय की, कपाळ मोकळंच ठिवलंय," म्हणत तू तांब्यातल्या पाण्यात विभूती कालवलीस आणि त्या कागदाच्या कपाळावर तीन बोटं ओढलीस. आपला नागप्पा इतका हसला, की गाडी सुटली तरी हसतच होता.

परवा तोच शिपाई मला इथं एका भिंतीवर सापडला. कपाळ मोकळंच. मला बघवलं नाही. मी विभूती लावली, पण रेघा वाकड्या आल्या.

नागप्पाचं कार्ड आलं का? दिवाळीपासून मला नाही. बोटीनं येणाऱ्या टपालाला उशीर होतोच म्हणा.

शिपायाला मी गावी आणतो. तू विभूती कालवून ठेव. नागप्पा आला, की आधी त्याला लाव, मग ह्याला.

तुझा लेक,
महांतप्पा