अवसेची गाडी

बाबा, साहेबानं वऱ्हाड घेतलं ते सोसलं. पण मुंबईच्या गाडीची वेळ त्यानं नेमकी माझ्या वामकुक्षीवर ठेवली, याला काय म्हणावं? डोळा लागतो न लागतो तोच शिट्टी. रोज. एकादशी नाही, ग्रहण नाही. तुम्ही गेलात तेव्हा अकोल्याहून मुंबई महिन्यांच्या वाटेवर होती आणि उमरावतीकडच्या कापसाच्या गाड्यासुद्धा आपल्या ओसरीवर मुहूर्त काढल्याशिवाय पुढं हलत नव्हत्या. आता कापसाला सोन्याचा भाव आहे, बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा आहेत, आणि तुमच्या लेकाला मुहूर्त विचारायला कुत्रंही फिरकत नाही. आगगाडी जोश्याला विचारून सुटत नाही.

मागल्या आठवड्यात जावई पोरीला पहिल्यांदाच मुंबईला न्यायला आले. रुईच्या पेढीवर कारकून. रजा संपत आलेली. निघायचं तर दुसऱ्याच दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी अवस. तुमची सून चुलीपुढून उठेना.

"मी नाई धाडत अवसेले. जावई रुसले त रुसू द्या."

"मग पुन्हा केव्हा जमेल, सांगता येत नाही," जावई ओसरीवरून म्हणाले. आवाज थंड होता. पोर दाराआड बांगडी फिरवत उभी.

"पोथीत पाहा न मंग," तुमची सून मला म्हणाली. "जोशी आहा का नाई तुमी?"

मी पंचांग उघडलं. त्या दिवशी चतुर्दशी, म्हणजे तीही काही सोवळी नव्हे. पान उलटलं, बोट फिरवलं, ओठ हलवले. म्हणालो, "आजच सांज व्हायच्या आत प्रस्थान ठेव."

तिनं पोरीच्या लुगड्यात तांदूळ-सुपारी बांधून ते टेसनाच्या वाटेवरच्या कासारणीकडे ठेवलं. गाठोडं घराबाहेर पडलं की माणूस त्याच घटकेला निघालं, असं आपण धरतो. मग उद्या अवस का असेना. परत आली ती चुलीवर करंज्यांची कढई ठेवायलाच. दुसऱ्या दिवशी जाता जाता गाठोडं उचललं, पोर गाडीत बसली, आणि आई रडली नाही.

गाडी दिसेनाशी झाली आणि मला तुमची ओसरी दिसली. मी तुमच्या हाताखाली पंचांग शिकतो आहे. गाड्या जुंपलेल्या, आणि एका गाडीवानाची बायको बैलाचा कासरा सोडत नाही. तुम्ही पंचांगात बराच वेळ पाहता आणि सांगता, "ऊन कललं का निघा." ती कासरा सोडते. मी मागून डोकावतो, तर पंचांग मागच्या सालाचं. मला हसू येतं. ती माणसं गेल्यावर तुम्ही म्हणता, "दात नोको दाखवू. मुहूर्त जाणाऱ्याले नाई लागत बाबू, मांगं राहणाऱ्याले लागते." तेव्हा मला वाटलं होतं, चोरी पकडली म्हणून म्हातारा तत्त्वज्ञान सांगून राहिला.

मुहूर्त विचारला की जोश्यापुढं नारळ ठेवायचा. घरच्या जोश्यापुढं कोण ठेवतो? पण हा मुहूर्त काही माझा नव्हता, तुमचा होता. म्हणून आज तुमच्या पोथीपुढं नारळ ठेवला. कोकणातला, याच गाडीनं आलेला. लहान आहे, मोठा होता तो पोरीच्या ओटीत गेला. हे पत्रही तिथंच, पोथीखाली सरकवतो. ती विचारेल, नारळ कशाचा? पंचांगात तो मुहूर्त नव्हताच, हे अजून सांगायचं धाडस झालेलं नाही.