पैकीच्या पैकी

प्रिय ताई,

हे पत्र मी पाठवणार नाही. रिपोर्ट आधी डॉक्टरांनीच सांगायचा, असा आमच्या लॅबचा नियम आहे.

आज तुझ्या गाठीचा तुकडा नेमका माझ्याच टेबलावर आला. तुला द्यायचं म्हणतात ते नवीन औषध कॅन्सरच्या पेशीच्या अंगावरची एक खूण ओळखतं, तिला चिकटतं आणि पेशीला मारतं. खूण भरपूर असली की रंग दिल्यावर पेशीभोवती गडद तपकिरी कडं दिसतं. त्याला तीनपैकी तीन गुण, आणि तीन असतील तरच औषध. तुझं कडं जेमतेम दिसत होतं. तरी मी तीन लिहिले. शाळा-शाळा खेळताना तू माझ्या चुकलेल्या गणितालाही पैकीच्या पैकी द्यायचीस ना!

मग स्वतःलाच म्हटलं, बाई गं, खूणच नसेल तर औषध चिकटणार कशाला? नुसते तुझ्या जिवाचे हाल, आणि दुसऱ्या उपचाराचे दिवस वाया. कागद फाडला. तुकड्याची काच आमच्या लॅबच्या मोठ्या सरांकडे तपासायला दिली, कोणाची ते सांगितलं नाही.

"एक," ते म्हणाले. "यात विचारायचं काय एवढं?"

उद्या तू पहिला फोन मलाच करशील. आणि मी विचारीन, "काय म्हणाले गं डॉक्टर?"

तुझं,
शेंडेफळ